पाचचं पाणी, चौथी सीट आणि माझी कंबर

(या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले काही 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' काढलेत, सगळे नाहीत.)

लोकलमध्ये उभं राहून ऐकत असाल तर आधी एक काम करा. कुठल्या पायावर भार देऊन उभे आहात ते बघा आणि तो पाय बदला. बसायला मिळालं असेल तर तुम्ही नशीबवान. चौथ्या सीटवर बसला असाल तर मी काही बोलत नाही, तुमचं दुःख मला ठाऊक आहे. त्यावर पुढे येतोच.

आजचा विषय कंबरदुखी. 'हा काय विषय आहे, आम्ही काय म्हातारे झालो का' असं वाटलं ना? मलाही तसंच वाटायचं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो.

मी गोडदेवला राहतो, भाईंदर पूर्वेला. मागे जो ठक् ठक् आवाज येतोय तो आमच्या मागच्या गल्लीतल्या भांड्यांच्या गाळ्याचा. भाईंदर पूर्व म्हणजे स्टीलच्या भांड्यांचा कारभार. तुमच्या बॅगेतला जेवणाचा डबा कदाचित इथेच घडलेला असेल. आवाज एडिट करून काढता आला असता, पण मुद्दाम ठेवलाय, कारण तो गाळा गोष्टीत येणार आहे.

तर झालं असं. आमची बिल्डिंग जुनी. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आणि पाणी काही वर चढत नाही. पहाटे पाचला खालच्या नळाला येतं, पाऊण तास असतं, कधी तेवढंही नाही. ते भरायचं काम आईचं. का आईचं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. लहानपणापासून मी उठायचो तेव्हा पिंप भरलेलं असायचं, बस्स.

त्या दिवशी आईला ताप होता. म्हणून मी उतरलो. अलार्म वाजला, चप्पल घातली आणि पाच मिनिटांत नळावर. वीस लिटरचा कॅन भरला, वाकलो, उचलला, आणि पायरीवर ठेवायला तसाच उजवीकडे वळलो. कट्. आवाज आला की नुसतं तसं वाटलं, देव जाणे. पण सरळ उभा राहता येईना, खाली बसता येईना. शेजारच्या काकांनी आणि त्यांच्या मुलाने काखेत हात घालून वर आणलं. अठ्ठेचाळीस पायऱ्या. प्रत्येक मोजली.

आता यातला जो भाग मला आजही खुपतो तो सांगतो. मी पलंगावर आडवा, आणि जिन्यावर पावलांचा आवाज. आई अंगात ताप घेऊन उरलेलं पाणी भरत होती. कॅन लँडिंगवर टेकवल्याचा आवाज, थोडं थांबणं, मग पुन्हा पावलं. सहा खेपा झाल्या. मी छताकडे बघत पडलो होतो.

पुढचे दहा दिवस तसाच पडून. सल्ले तर विचारूच नका. मामा म्हणाला, गादी काढ, फळीवर झोप. आत्याने तेल पाठवलं. कोणीतरी हाड बसवणाऱ्याचा पत्ता दिला. एका ठिकाणी एमआरआय काढायला सांगितला, तो काढला. रिपोर्टमध्ये लिहिलेलं : एल-४ एल-५ ला डिस्क बल्ज. रात्री दोन वाजता तो शब्द मोबाईलवर शोधला. शोधू नका, प्लीज. सकाळपर्यंत माझं ऑपरेशन झालं होतं, नोकरी गेली होती आणि मी व्हीलचेअरवर होतो, सगळं डोक्यातल्या डोक्यात. नोकरीचं अगदीच खोटं नव्हतं म्हणा. मी लोअर परळला कॉन्ट्रॅक्टवर होतो, न गेलेल्या दिवसाचे पैसे कापले जायचे.

अकराव्या दिवशी एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो, वाकडाच. त्यांनी आधी रिपोर्ट बघितलाच नाही. पायातली ताकद बघितली, गुडघ्यावर हातोडी मारली, टाचेवर चाला, चवड्यावर चाला, लघवी नीट होते ना, मांड्यांच्या मध्ये बधीर वाटतं का, ताप येतो का, वजन घटलंय का, सगळं विचारलं. मग रिपोर्ट हातात घेऊन म्हणाल्या, "हे रस्त्यावरच्या दहा धडधाकट माणसांचे काढले ना, तर निम्म्यांच्यात सापडेल."

मला वाटलं धीर द्यायला बोलतायत. घरी येऊन बघितलं तर खरंच तसा अभ्यास आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत ९८ माणसांचे एमआरआय काढले होते, ज्यांना कंबरदुखी नाही अशांचे. त्यातल्या ५२ टक्के लोकांच्या किमान एका डिस्कला बल्ज होता. सगळ्या डिस्क ठाकठीक असलेले फक्त ३६ टक्के. म्हणजे तो शब्द एकट्याने काही सांगत नाही. केस पांढरे होतात तसं काहीतरी आत होत असतं, आणि बऱ्याचदा दुखण्याचा त्याच्याशी संबंध नसतो. कंबरदुखीच्या बहुतेक केसेसमध्ये नेमकं एक कारण बोट ठेवून दाखवताच येत नाही. ऐकायला वाईट वाटतं, पण ही बातमी चांगली आहे. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत कमी होतं.

दुसरं त्या म्हणाल्या, "दहा दिवस झोपलात ते चुकलं." फिनलंडमध्ये १९९५ मध्ये कंबर धरलेल्या कामगारांचे तीन गट केले होते : एकाला दोन दिवस सक्तीची विश्रांती, दुसऱ्याला कंबरेचे व्यायाम, तिसऱ्याला सांगितलं, झेपेल तेवढी रोजची कामं करत राहा. सगळ्यात लवकर बरा झाला तो तिसरा गट. आणि मी दहा दिवस छत बघत होतो. फळीचंही तेच. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर चाचणी झाली, २००३ ची. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. मामाला हे सांगितलं. तो म्हणाला, "स्पेनमध्ये फळ्या चांगल्या मिळत नसतील."

मग मॅडमनी विचारलं, "उठल्यावर किती वेळाने कॅन उचललात?" मी म्हटलं, पाच मिनिटं. त्यांनी मान हलवली.

हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दोन मणक्यांच्या मधली जी चकती असते, डिस्क, ती पाणी धरून ठेवते. दिवसभर आपल्या वजनाने त्यातलं थोडं पाणी पिळून निघतं, रात्री आडवं झाल्यावर ती पुन्हा शोषून घेते. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एक-दीड सेंटिमीटर जास्त भरते. विश्वास नसेल तर भिंतीवर पेन्सिलीने खूण करून बघा, मी केलीय. तर पहाटे ही चकती टम्म फुगलेली असते, आणि अशा वेळी कमरेतून वाकलं की तिच्यावर ताण जास्त येतो. तासाभरात ती बरीच सैल पडते. १९९८ च्या एका अमेरिकन अभ्यासात लोकांना सकाळी उठल्यावर काही वेळ कमरेतून वाकणं टाळायला शिकवलं, एवढंच, आणि त्यांचं दुखणं कमी झालं.

आणि आपल्याकडे पाणी कधी येतं? पहाटे पाचला. म्हणजे मुंबई परिसरातल्या किती बायका रोज अंथरुणातून उठून थेट वीस किलो उचलत असतील, विचार करा. पाण्याच्या एका लिटरचं वजन एक किलो, त्यात कॅनचं वेगळं.

मॅडमचा पुढचा प्रश्न होता, "रोज पाणी कोण भरतं?"

"आई."

"मग त्यांची कंबर कशी आहे?"

मला माहीत नव्हतं.

घरी आलो आणि विचारलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "दुखते की. कोणाची दुखत नाही?" कधीपासून? तर म्हणाली, "तू आठवीत पाय मोडून घेतलास ना, तेव्हापासून." मी हिशोब केला. चौदा वर्षं. त्या दोन महिन्यांत ती मला पाठुंगळी घेऊन खाली शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायची, ते आठवतं मला. त्यानंतर कमरेला काय झालं ते कोणी विचारलंच नाही. माझ्या दहा दिवसांच्या दुखण्यासाठी एमआरआय झाला, आणि तिच्या चौदा वर्षांसाठी एक बामची बाटली.

असो. मी इथे रडायला बसलेलो नाही. काय बदललं ते सांगतो.

आधी कॅन बदलले. वीस लिटरचा एक काढून दहा-दहाचे दोन आणले, दोन्ही हातांत सारखं वजन. खेपा वाढत नाहीत, अंग एका बाजूला झुकत नाही. नळाखाली कॅन जमिनीवर न ठेवता गुडघ्याच्या उंचीच्या लोखंडी स्टँडवर ठेवला, म्हणजे खालून उचलायचं कामच नाही. उठल्यापासून अर्धा तास घरात वावरायचं, चहा ठेवायचा, मगच खाली जायचं. वळायचं असेल तर पाय वळवायचे, कमरेतून पिळायचं नाही. वजन अंगाजवळ धरायचं, हात लांब करून नाही. गॅसचा सिलिंडरही तसाच. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, पण लोखंड धरून तो तिसेक किलो भरतो. तो उचलायचाच नाही, थोडा तिरका करून कडेवर फिरवत न्यायचा. आमच्याकडे आता आईला हात लावू देत नाही. ती लावते, तो भाग वेगळा.

इथे एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. 'गुडघ्यात वाका, पाठ ताठ ठेवा' हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण कामगारांना नुसती उचलायची पद्धत शिकवून कंबरदुखी टळते का, याच्या चाचण्या एकत्र करून बघितल्या तर फारसा फरक दिसत नाही. वजनच कमी केलं, खेपाच कमी केल्या तर गोष्ट वेगळी. म्हणून आमच्या घरातला खरा उपाय वाकायची स्टाईल हा नव्हताच. खरा उपाय पाइप होता. आमच्या मजल्यावरच्या चार घरांनी मिळून वर्गणी काढली, खाली एक ड्रम ठेवला, त्यात छोटी मोटर सोडली आणि पाइप वर आणला. नळाला थेट मोटर जोडायची नाही बरं का, ते बेकायदेशीर आहे आणि शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं ते वेगळंच. ड्रम नळाने भरायचा, मोटर ड्रममधून. चौदा वर्षं हे कोणाला सुचलं नाही, कारण पाणी भरणारी कधी कुरकुरली नाही.

आता लोकल.

विरार, नालासोपारा, वसई, नायगाव करत गाडी भाईंदरला येते तोवर आत पाय ठेवायला जागा नसते. भाईंदरहून सुटणारी लोकल मिळाली तर सोनं. काहीजण उलटे विरारला जाऊन, सीट पकडून परत येतात, त्यांना माझा सलाम. बाकीच्यांच्या नशिबी चौथी सीट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तिघांचा बाक, त्यावर चौथा. चौथ्याचं एकच ढुंगण बाकावर, दुसरं हवेत, एक पाय पॅसेजमध्ये टेकू दिलेला, आणि धड पिळलेलं. तासभर. वर मांडीवर बॅग आणि मान मोबाईलमध्ये. मी तीन वर्षं हे 'बसायला मिळालं' म्हणून आनंदाने केलं.

बसण्याची अशी एकच बरोबर पोझ नाही, हे मला उशिरा कळलं. ताठ बसा, ताठ बसा म्हणून आपल्याला लहानपणी ओरडले, पण ताठ बसूनही दोन तासांनी दुखतंच. शरीराला त्रास होतो तो एकाच स्थितीत फार वेळ राहण्याचा. त्यामुळे मी आता चौथ्या सीटवर वीस मिनिटं बसतो आणि उठून दुसऱ्याला देतो. बोरिवलीला, अंधेरीला गर्दी हलते तेव्हा बाजू बदलतो. उभं असताना पाय आलटून पालटून. लोक दुवा देतात ते वरून.

बॅगेचं तर मी वजनच केलं. आमच्या नाक्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर. सहा किलो आठशे ग्रॅम. तो म्हणाला, "पेपर आहे का लोखंड?" काय काय निघालं बघा : लॅपटॉप, त्याचा चार्जर, दुसरा चार्जर, एक लिटरची बाटली, दोन डबे, छत्री (मे महिन्यात), आणि गेल्या दिवाळीतलं अर्धं उटणं. चार्जर ऑफिसमध्ये ठेवला, बाटली रिकामी नेतो, तिथे भरतो. आता चार किलोच्या आत आहे. दोन्ही खांद्यांवर, आणि गाडीत पुढे पोटाशी. खाली ठेवता आली तर खालीच.

ऑफिसचं पटकन सांगतो, कारण ते सगळ्यांना पाठ आहे आणि कोणी करत नाही. अर्ध्या तासाने उठा. मी बाटलीऐवजी पेला वापरायला लागलो, म्हणून पाणी प्यायला उठावंच लागतं, आणि मग दुसऱ्या कारणासाठीही उठावं लागतं. फोन आला की उभं राहून बोलतो. घरी पलंगावर लॅपटॉप घेऊन वाकून बसणं बंद. आणि टॉयलेटमध्ये बसून रील बघणारे, तुम्हीही ऐकताय मला माहितीये. पंधरा मिनिटं त्या अवस्थेत कंबर काय म्हणत असेल तिला विचारा.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे चालणं. मला हे इतकं साधं वाटलं की मॅडमवर रागच आला, एवढे पैसे घेतले आणि चाला म्हणतात. ऑस्ट्रेलियात यावर मोठी चाचणी झाली, २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. नुकतीच कंबरदुखीतून बरी झालेली ७०१ माणसं. अर्ध्यांना फिजिओच्या मार्गदर्शनाखाली हळूहळू वाढवत चालायला लावलं, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास हे ध्येय. बाकीच्यांना काही नाही. न चालणाऱ्यांचं दुखणं परतायला मध्यमान ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांचं २०८. खर्च काय तर चपला.

मी स्टेशनला शेअर रिक्षाने जायचो. आता गोडदेव नाक्यावरून चालत जातो. फुटपाथवर भाजीच्या गाड्या, बाईक, कधी खणलेला रस्ता, सगळं आहे. ऑस्ट्रेलियासारखं नाही चालता येत, वाकडंतिकडं चालता येतं. चालतं तेही. संध्याकाळी घामाघूम गर्दीतून उतरल्यावर रिक्षाच्या रांगेकडे बघून रोज मोह होतो. आठवड्यातून दोनदा मी हरतो.

चालण्याबरोबर थोडा व्यायाम. उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर उचलायची, ज्याला आपण सेतुबंध म्हणतो. रांगायच्या स्थितीत उलट हात-पाय सरळ करायचे. दहा-दहा वेळा, सात मिनिटं. तीस हजारांवर माणसांच्या चाचण्या एकत्र करून २०१६ मध्ये निष्कर्ष निघाला की व्यायाम आणि सोबत थोडी माहिती, यांनी पुन्हा कंबरदुखी होण्याचा धोका ४५ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. आणि कमरेचा पट्टा? त्याने प्रतिबंध होत असल्याचं दिसलं नाही. बुटात घालायच्या तळव्यांनीही नाही.

पट्ट्यावरून मामाकडे येतो. मामा त्या मागच्या गाळ्यात आहे, आत्ता जो ठक् ठक् करतोय तो कदाचित तोच असेल. बावीस वर्षं पत्र्याचे गठ्ठे उचलतो. कमरेला रुंद पट्टा, त्याला तो अभिमानाने 'बेल्ट' म्हणतो. मी त्याला हे सगळं ऐकवलं. वजन कमी कर, मध्ये मध्ये थांब, बाजू बदल. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे शेठला सांग. मी थांबलो की मशीन थांबतं."

त्याच्यापुढे मी गप्प बसलो. सवयी बदला हे सांगणं ज्याच्या हातात स्वतःचा वेळ आहे त्याच्यासाठी ठीक आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि २०५० पर्यंत ती संख्या ८४ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. एवढ्या सगळ्यांनी काही बसायची पोझ चुकवलेली नाही. गाळ्यात ट्रॉली आली तर मामाची कंबर वाचेल, माझ्या पॉडकास्टने नाही. तरी एक झालं. गठ्ठे जमिनीवर रचायचे ते आता त्यांनी टेबलाच्या उंचीच्या फळीवर रचायला सुरुवात केली. मालकाला ते पटलं कारण काम लवकर होतं. फळी तीच, जिच्यावर मला झोपवणार होते.

आता एक गंभीर गोष्ट, ही फॉरवर्ड करू नका, लक्षात ठेवा. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधीर झाला, पायातली ताकद झपाट्याने कमी होत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. पडल्या-झडल्यानंतर जोरात दुखत असेल किंवा आधी कॅन्सर झालेला असेल तरी डॉक्टरकडेच. आणि संध्याकाळी बारीक ताप, घाम, वजन घटणं, रात्रीही न थांबणारं दुखणं, हे असेल तर मणक्याचा टीबी असू शकतो. टीबी फक्त फुप्फुसाचा नसतो. आपल्याकडे तो आहे, औषधांनी बरा होतो आणि सरकारी केंद्रात ती औषधं फुकट मिळतात. तेल चोळत महिने घालवू नका.

मला पुन्हा एकदा दुखलं, खोटं कशाला बोलू. पावसाळ्यात, प्लॅटफॉर्मवर घसरलो आणि तोल सावरताना. पण तेव्हा झोपून राहिलो नाही. दुसऱ्या दिवशी घरातल्या घरात चाललो, तिसऱ्या दिवशी नाक्यापर्यंत, आठवड्याने ऑफिसला. घाबरलो नाही, हाच फरक. दुखणं जवळपास तेवढंच होतं.

आईला मॅडमकडे न्यायला तीन महिने लागले. "मला कुठे काय झालंय" हे एक, "पैसे कशाला" हे दुसरं. शेवटी 'माझ्या सोबतीला चल' म्हणून नेली आणि तिथे खुर्चीत तिलाच बसवलं. तिची कंबर पूर्ण थांबलेली नाही. चौदा वर्षांचं आहे ते. पण आता सकाळी लादी पुसताना लांब दांड्याचा मॉप वापरते, कुकर खालच्या कप्प्यातून ओट्यावर आलाय, आणि रोज रात्री चालायला जाते.

बरं, साडेआठ वाजले. ठक् ठक् थांबलंय, म्हणजे गाळा बंद झाला. आई चपला घालून खाली उभी असेल. मला उशीर झाला की ती थांबत नाही, एकटीच फाटक रोडच्या दिशेने निघते, आणि मग तिला गाठायला मला पळावं लागतं. भेटू पुढच्या भागात.